चतुर आणि टाचण्यांची क्षेत्रनोंद: सह्याद्री आणि कोकणातील पाणवठ्यांसाठी

एखादा ओढा किंवा तळे वाचवायचे असेल, तर त्या पाण्याच्या आधाराने कोण जगते हे आधी कागदावर यावे लागते. चतुर आणि त्यांचेच सडपातळ भाईबंद असलेले कीटक, म्हणजे टाचण्या, यासाठी फार उपयोगी पडतात, कारण त्यांचे आयुष्य पाणी आणि काठ या दोन्हींत वाटलेले असते. अंडी पाण्यात किंवा पाण्यालगतच्या वनस्पतीत घातली जातात, अळी काही आठवडे, काही महिने किंवा काही जातींत त्याहूनही अधिक काळ पाण्यात वाढते, आणि पंख फुटल्यावरचा कीटक काठावरच्या झाडोऱ्यात शिकार करतो, हद्द राखतो आणि जोडी जमवतो. त्यामुळे पाणी बिघडले तरी या कीटकांवर परिणाम होतो आणि पाणी स्वच्छ राहूनही काठावरची झाडे तोडली तरी होतो. शिवाय ते दिवसा उडतात आणि बहुतेक जाती पकडल्याशिवाय ओळखता येतात, म्हणून विद्यापीठात कीटकशास्त्र न शिकलेल्या माणसालाही येथे खरे काम करता येते. भारतात चतुर-टाचण्यांच्या गणाच्या, म्हणजे ओडोनाटाच्या, सुमारे ५०० जाती आहेत, त्यांपैकी २०० च्या आसपास पश्चिम घाटात आढळतात, आणि घाटातील अनेक जाती जगात इतरत्र कोठेही नाहीत.

हौसेने केलेल्या नोंदींमध्ये आज सर्वांत मोठा भरणा रंगीत नराच्या सुंदर छायाचित्रांचा आहे. त्यांचे मोल नाकारता येत नाही, परंतु असे छायाचित्र एवढेच सांगते की तो कीटक त्या दिवशी तेथे बसला होता. त्या पाण्याने त्याला वाढवले का, पुढच्या वर्षी तो तेथे होता का, आणि त्याच्यासोबत आणखी कोण होते, हे प्रश्न अनुत्तरित राहतात, आणि संवर्धनाचा निर्णय नेमका याच प्रश्नांवर अडतो. म्हणून नोंद जातीपासून सुरू न करता पाणवठ्यापासून सुरू करावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

जागा कशी ठरवावी

घरापासून सहज जाता येईल असा एक पाणवठा निवडावा. दूरचा प्रसिद्ध घाट वर्षातून एकदा पाहण्यापेक्षा गावाशेजारचा पऱ्या (लहान ओढा) दर पंधरवड्याला पाहणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. वाहते पाणी असेल तर काठाने सुमारे १०० मीटरचा पट्टा ठरवून त्याची सुरुवात आणि शेवट एखाद्या मोठ्या खडकाने, झाडाने किंवा साकवाने निश्चित करावा. तळे लहान असेल तर पूर्ण काठ घ्यावा आणि मोठे असेल तर त्याचा एक ठरावीक भाग घ्यावा. पुढे प्रत्येक वेळी हाच पट्टा, याच दिशेने आणि साधारण तेवढ्याच वेळात चालायचा आहे, त्यामुळे पावसाळ्यातही जेथे सुरक्षितपणे पाऊल टाकता येईल अशीच जागा धरावी.

निवडताना पाणवठ्यांचे प्रकार लक्षात घ्यावेत, कारण प्रत्येकाची वस्ती वेगळी असते. घाटातील सावलीच्या, खडकाळ ओढ्यांवर युफेया फ्रेझेरी ही केवळ पश्चिम घाटात आढळणारी टाचणी दिसू शकते, आणि उन्हात आलेल्या दगडांवर हेलिओसिफा बायसिग्नाटाचे नर बसलेले दिसतात. भातखाचरे आणि गवताळ डबकी यांत ॲग्रिओक्नेमिस पिग्मियासारख्या अगदी इवल्या टाचण्या असतात व त्या गुडघ्याइतक्या उंच गवतातच फिरत असल्यामुळे उभ्याने चालणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. कोकणातील कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात भरणारी आणि पुढे आटून जाणारी उथळ तळी हा स्वतंत्र अधिवास आहे, आणि चिरेखाणी, रस्ते व बागायतीसाठी होणाऱ्या सपाटीकरणामुळे तो झपाट्याने कमी होत असल्याने त्याच्या नोंदींची निकड मला सर्वाधिक वाटते. देवराईतील झरे, विहिरी, सिमेंटच्या टाक्या आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी यांनाही कमी लेखू नये. ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा हा राखाडी ठिपक्यांचा चतुर सिमेंटच्या टाकीतही वाढतो आणि तिच्याच भिंतीवर इतका बेमालूम बसतो की हलल्याशिवाय दिसत नाही.

ऋतू आणि वेळ

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा महाराष्ट्र आणि गोव्यात सर्वाधिक जाती दिसण्याचा काळ आहे, परंतु केवळ याच काळात काम केले तर यादी कायमची अपुरी राहते. घाटातील ओढ्यांवरच्या काही जाती, विशेषतः इडिओनिक्स प्रजातीतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि गोम्फिड कुळातील चतुर, मे महिन्यापासून पावसाच्या पहिल्या महिन्यांपर्यंतच दिसतात आणि नंतर नाहीसे होतात. उलट लेस्टेस प्रजातीच्या टाचण्या कोरड्या महिन्यांत वाळक्या काटक्यांवर, काटक्यांच्याच रंगाच्या होऊन, पाण्यापासून दूर बसलेल्या असतात. म्हणून वर्षभरात किमान चार ऋतुखंड धरावेत: वळवाच्या आधी, पावसाच्या सुरुवातीला, पावसानंतर आणि हिवाळ्यात.

दिवसाची वेळ सकाळी ९ ते दुपारी १ अशी ठेवावी, कारण ऊन लागल्यावर हे कीटक सक्रिय होतात. ढग आल्यास बरेचसे चतुर काही मिनिटांतच झाडोऱ्यात शिरतात, त्यामुळे ढगाळ दिवशीची छोटी यादी आणि उन्हाच्या दिवशीची मोठी यादी यांची थेट तुलना करता येत नाही, आणि म्हणूनच ऊन, वारा आणि तापमान यांची नोंद टाळू नये. काही जाती संध्याकाळीच उडतात: थोलिमिस टिलार्गा आणि झायझोमा पेटिओलाटम हे चतुर दिवस मावळताना पाण्यावर वेगाने घिरट्या घालतात. महिन्यातून एकदा तरी अंधार पडेपर्यंत थांबावे, आणि ती नोंद सकाळच्या पट्ट्यात न मिसळता वेगळी लिहावी.

सोबत वही, पेन्सिल, भिंग, जवळच्या वस्तूवर स्थिरावणारी दुर्बीण आणि साधा कॅमेरा पुरेसा आहे. पेन्सिल यासाठी की पावसात शाई पसरते. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी वरच्या डोंगरातील सरीने अचानक वाढते, त्यामुळे पात्रात एकट्याने उतरू नये. पायाला जखम असताना खाचरात किंवा डबक्यात उतरणेही टाळावे, कारण कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे.

पट्ट्यावर प्रत्यक्ष काम

पोहोचल्यावर लगेच चालू लागू नये. पाच मिनिटे एका जागी उभे राहावे, म्हणजे आपल्या हालचालीने उठलेले कीटक पुन्हा आपापल्या जागी येतात, आणि कोणता नर कोणत्या दगडावर किंवा काडीवर परत परत येतो हे कळते. नंतर सावकाश चालत काठाच्या दोन्ही अंगांना, पाण्यावर आणि झाडोऱ्यात दिसणारी प्रत्येक जात लिहावी. नेहमीची म्हणून एखादी जात गाळणे ही सर्वांत घातक सवय आहे. ऑर्थेट्रम सॅबिना किंवा ब्रॅकिथेमिस कंटामिनाटा आज जागोजागी दिसतात म्हणून ते न लिहिल्यास, दहा वर्षांनी त्यांची संख्या वाढली की घटली हे कोणालाही सांगता येणार नाही. त्यातही ब्रॅकिथेमिस कंटामिनाटा सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यातही तग धरतो, त्यामुळे ज्या ओढ्यावर तो पूर्वी नव्हता तेथे तो वाढू लागणे आणि त्याच सुमारास युफेया कमी होणे, ही पाणी व काठ बदलल्याची जोरदार खूण ठरते. ही खूण वाचण्यासाठी दोन्ही नोंदी हव्यात.

संख्या मोजता येईल तेथे मोजावी आणि येणार नाही तेथे टप्प्यांत लिहावी: १, २ ते ५, ६ ते २०, २१ ते १००, त्याहून अधिक. पावसानंतर पँटाला फ्लेव्हेसेन्स या स्थलांतरी चतुराचे थवे मैदानांवर आणि सड्यांवर उडत असतात, तेव्हा नेमका आकडा लिहिण्याचा अट्टहास करण्यापेक्षा टप्पा, थव्याची दिशा आणि वाऱ्याची दिशा लिहिणे अधिक प्रामाणिक असते. हे चतुर पिढ्यान्पिढ्यांच्या टप्प्यांत हिंदी महासागर ओलांडतात असे मानले जाते आणि मालदीवमध्ये ते दर ऑक्टोबरच्या सुमारास मोठ्या संख्येने पोहोचतात. कोकण किनाऱ्यावरील तारीखवार नोंदींना त्यामुळे स्थानिक यादीपलीकडचे महत्त्व आहे.

जे शोधले पण सापडले नाही तेही लिहावे. पूर्ण पट्टा चालून, योग्य हंगामात आणि चांगल्या उन्हात एखादी जात दिसली नाही, तर ती माहितीच आहे. मात्र त्यासाठी त्या दिवशी किती वेळ शोधले आणि यादी पूर्ण आहे की निवडक, हे वहीत स्पष्ट असले पाहिजे.

ओळख पटवणे

पहिली विभागणी सोपी आहे. चतुराचे अंग भरीव असते, मागचे पंख तळाशी पुढच्या पंखांपेक्षा रुंद असतात आणि बसल्यावर तो पंख पसरून ठेवतो. टाचणी सडपातळ असते, तिचे दोन्ही डोळे डोक्याच्या दोन बाजूंना एकमेकांपासून दूर असतात, चारही पंख साधारण सारखे असतात आणि बहुतेक टाचण्या ते मिटून बसतात. लेस्टेस मात्र अर्धवट उघडे ठेवते, म्हणून केवळ पंखांवरून निर्णय घेऊ नये. चतुरांमध्ये पुढे डोळे पाहावेत. गोम्फिडांचे डोळे वरून एकमेकांना भिडत नाहीत, तर मोठ्या ईश्निड चतुरांचे डोळे लांब रेषेत जुळलेले असतात.

जातीपर्यंत पोहोचण्यासाठी एक छायाचित्र पुरत नाही. पहिले छायाचित्र दुरून, पळून जाण्याआधीचा पुरावा म्हणून घ्यावे, आणि मग बाजूने छातीवरील पट्टे, वरून पोट आणि पंख, समोरून चेहरा, आणि शक्य तितक्या जवळून पोटाच्या टोकाचे चिमटे अशी मालिका पूर्ण करावी. अनेक जाती रंगाने जुळ्या असतात आणि नराच्या चिमट्यांच्या आकारानेच वेगळ्या होतात. नर ओळखण्यासाठी आणखी एक खात्रीची जागा म्हणजे पोटाच्या दुसऱ्या व तिसऱ्या खंडाची खालची बाजू, जेथे त्याचे दुय्यम जननांग उंचवट्यासारखे दिसते.

लाल चतुरांचे उदाहरण घेऊ, कारण चुका तेथेच अधिक होतात. क्रोकोथेमिस सर्व्हिलियाच्या नराच्या लाल पोटावर मधोमध बारीक काळी रेघ असते. ट्रायथेमिस ऑरोराचा रंग गुलाबीकडे झुकतो आणि त्याच्या पंखांच्या शिराही लालसर असतात. ऑर्थेट्रम प्रुइनोसमचे पोट गुलाबी-लाल असले तरी छाती निळसर किंवा जांभळट असते. युरोथेमिस सिग्नाटाच्या मागच्या पंखाच्या मुळाशी गडद डाग असतो. ही चारही चिन्हे एका तिरप्या, उन्हाने पांढरट झालेल्या छायाचित्रात हरवू शकतात. याशिवाय वय रंग बदलते. डिप्लाकोडेस ट्रिव्हियालिसचा तरुण नर मादीसारखाच पिवळसर-हिरवा आणि काळ्या खुणांचा असतो व पुढे त्याच्यावर निळसर भुकटीचा थर चढतो. हे ठाऊक नसल्यास एका जातीच्या दोन जाती होतात. त्यामुळे खात्री नसल्यास प्रजातीपर्यंत किंवा कुळापर्यंतच नाव लिहावे. ‘सेरियाग्रिऑन, जात अनिश्चित’ ही उत्तम नोंद आहे, आणि अंदाजाने लिहिलेले पूर्ण नाव हे पुढच्या अभ्यासकाच्या वाटेतील खड्डा आहे.

सेरियाग्रिऑनचा उल्लेख मुद्दाम केला. सेरियाग्रिऑन कोरोमँडेलिआनम ही पिवळी टाचणी बागेतल्या तळ्यावरही भेटते, म्हणून त्या प्रजातीकडे फारसे कोणी वळून पाहत नसे. २०१९ मध्ये त्याच प्रजातीतील सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही जात सिंधुदुर्ग जिल्ह्यातून विज्ञानाला नवी म्हणून प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये त्याच जिल्ह्यातील चौकुळ गावाचे नाव मिळालेला बर्मागोम्फस चौकुलेन्सिस हा चतुर आला, आणि त्याआधी २०१३ मध्ये गोव्यातून इडिओनिक्स गोमंतकेन्सिस वर्णिला गेला. एफ. सी. फ्रेझर यांनी ब्रिटिश काळात, १९३३ ते १९३६ दरम्यान, भारतीय चतुरांवरचे तीन खंड प्रसिद्ध केले, तरीही काम संपलेले नाही हे यावरून दिसते. ओळखीची म्हणून सोडून दिलेली टाचणीही बाजूने, वरून आणि चिमट्यांसकट टिपावी.

नावे लिहिताना शास्त्रीय नाव अवश्य असावे. गावात वापरात असलेले नाव त्यासोबत वेगळ्या रकान्यात लिहावे.

प्रजननाचा पुरावा

नोंदीचा कस येथे लागतो. मोठे चतुर जन्मस्थानापासून दूरवर उडत जातात, त्यामुळे तळ्यावर दिसलेला चतुर त्या तळ्याचाच असेल असे नाही. प्रत्येक जातीपुढे तिचे वर्तन लिहावे आणि पुराव्याची पायरी ठरवावी. नुसता बसलेला किंवा उडणारा कीटक ही सर्वांत खालची पायरी. हद्द राखणारा नर, मग जोडी किंवा मीलनातील चक्राकार अवस्था, मग अंडी घालणारी मादी, अशा पुढच्या पायऱ्या होत. अंडी घालतानाही घाई करू नये: चकचकीत पृष्ठभागाला पाणी समजून चतुरांच्या माद्या मोटारीच्या टपावर किंवा प्लास्टिकच्या कागदावरही अंडी टाकतात. म्हणून मादीने अंडी नेमकी कशात घातली, उघड्या पाण्यात, जिवंत देठात, शेवाळात की पाण्यात पडलेल्या कुजक्या लाकडात, हे लिहावे; पुढे काठाची ‘साफसफाई’ करण्याचा प्रस्ताव आला तर हाच तपशील कामी येतो.

त्यावरची पायरी म्हणजे नुकताच बाहेर आलेला कीटक. त्याचे पंख काचेसारखे चकाकतात, रंग फिकट असतो आणि उडणे कमकुवत असते. सर्वांत भक्कम पुरावा कातीचा. अळी पाण्याबाहेर येऊन कात टाकते, आणि ती रिकामी कात देठाला, दगडाला किंवा बांधाच्या भिंतीला चिकटून राहते. ही कात सांगते की त्याच पाण्यात अळीचे आयुष्य पूर्ण झाले. शोध सकाळी लवकर घ्यावा, कारण अनेक जाती रात्री किंवा पहाटे बाहेर येतात, आणि एका जोरदार सरीने काती वाहून जातात. उभ्या देठांवर पाण्यापासून हात-दीड हाताच्या उंचीपर्यंत पाहावे, पुलाखालच्या भिंती पाहाव्यात, आणि वाहत्या पाण्यावर काठालगतचे दगड व वाळूही पाहावी, कारण गोम्फिड बहुधा फार वर चढत नाहीत. काती लहान डबीत ठेवून आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, ज्यावर तारीख, जागा आणि चिकटलेल्या आधाराचे वर्णन असेल. कातीवरून कूळ ओळखणे भिंगाने जमते, त्यासाठी मुखवटा, म्हणजे अळीचा भक्ष्य पकडणारा खालचा ओठ, पाहावा: चपटा मुखवटा आणि चमच्यासारखा खोलगट मुखवटा हा पहिला भेद आहे, ज्यात खोलगट मुखवटा लिबेल्युलिड कुळाकडे नेतो आणि चपटा मुखवटा गोम्फिड किंवा ईश्निडकडे. कीटकाला धक्काही न लावता मिळणारा हा पुरावा इतका मोलाचा असूनही आपल्याकडे फार थोडे जण काती गोळा करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जाळीविषयी

जाळी सुरुवातीला घेऊच नये. छायाचित्राने ओळखता न येणाऱ्या जातींसाठीच, आणि अनुभवी माणसाकडून शिकल्यावरच, ती वापरावी. पकडल्यास चारही पंख पाठीवर एकत्र मिटून दोन बोटांत हलके धरावेत. पाय धरू नयेत, बोटांना डास पळवणारे मलम असू नये, आणि नुकताच बाहेर आलेला, चकाकत्या पंखांचा कीटक कधीही पकडू नये, कारण त्याचे पंख कायमचे वाकतात. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि नमुने जमवणे हे परवानगी व संग्रहालयाची सोय असलेल्या अभ्यासकांचेच काम आहे.

वहीत काय असावे

‘आंबोली’ एवढे लिहिलेली जागा निरुपयोगी आहे, कारण तेथे घाटातला ओढा, सड्यावरचे तळे आणि भातखाचर असे सगळेच आहे. गाव, वाडी, तालुका, जिल्हा, पाणवठ्याचे स्थानिक नाव आणि मोबाइलमधून घेतलेले अक्षांश-रेखांश दशांश स्वरूपात लिहावेत, आणि मोबाइल किती मीटरची अचूकता दाखवतो तेही. त्यानंतर सुरू आणि शेवटची वेळ, निरीक्षकांची संख्या, ऊन, वारा, तापमान. पाण्याचा प्रवाह, गढूळपणा, सावलीचे प्रमाण, काठावरची मुख्य झाडे. आणि पाण्यावर पडणारा ताण, म्हणजे कपडे धुणे, वाळू उपसा, कीटकनाशकाची फवारणी, नवा बंधारा, तोडलेला काठ. ताणाची नोंद करताना कारण आणि परिणाम जोडण्याची घाई करू नये. दिसले तेवढेच तारखेसह लिहावे. जात, संख्या, लिंग, वर्तन आणि छायाचित्राचा क्रमांक हे रकाने शेवटी. हे सारे त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत संगणकात उतरवावे आणि मूळ वही जपून ठेवावी, कारण पुढे शंका आल्यास तीच साक्ष देते.

नोंद पुढे कोठे जाते

आयनॅचरलिस्ट, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि ओडोनाटा ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर छायाचित्रासह नोंद देता येते आणि जाणकार ओळख तपासतात. कोणी ओळख बदलली तर कारण विचारावे आणि आपल्या वहीतही जुने नाव न खोडता नवे नाव, तारखेसह, शेजारी लिहावे. दुर्मीळ जातीची किंवा खासगी जमिनीवरच्या झऱ्याची नेमकी जागा सर्वांसाठी खुली ठेवू नये. अभ्यासकाला ती मागता येईल अशी व्यवस्था पुरेशी असते. जातीच्या धोक्याची पातळी ठरवणाऱ्या, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत जातीचे व्यापलेले क्षेत्र साधारणपणे २ किमी बाय २ किमीच्या चौकटींवर मोजले जाते, त्यामुळे नव्या चौकटीतील एक विश्वासार्ह नोंददेखील त्या मोजणीत थेट भर घालते.

मात्र माहिती संकेतस्थळावर टाकली म्हणजे गावापर्यंत पोहोचली असे होत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे, आणि या नोंदवह्यांमध्ये कीटकांची पाने बहुधा रोडावलेली असतात. वर्ष पूर्ण झाल्यावर आपल्या पट्ट्याची जातवार यादी, प्रजननाच्या पुराव्याच्या पायऱ्या, महिनावार तक्ता आणि पाणवठ्याचा हाताने काढलेला नकाशा मराठीत तयार करून ग्रामपंचायतीला द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि समितीला एखाद्या सकाळी त्या पट्ट्यावर बोलावून देठावरची कात प्रत्यक्ष दाखवावी. ओढ्याचे खोलीकरण, काठाचे काँक्रिटीकरण किंवा सड्यावर नवी खाण असा विषय ग्रामसभेसमोर येतो, तेव्हा ती यादी गावाच्या स्वतःच्या दप्तरात आधीपासून असली पाहिजे.